अंकुशच्या दोन नळ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टर म्हणाली, मावशी, सकाळी आणि संध्याकाळी नळ्यांतून किती निघालं ते लिहून ठेवायचं, उजवं वेगळं आणि डावं वेगळं. म्हणून ही डायरी काढली. मिरचीच्या व्यापाऱ्याने दिवाळीला दिलेली, वर त्याच्या दुकानाचं नाव आहे. मी चौथी शिकले. माझं अक्षर मलाच लागतं. आकडे लिहून झाले तरी पान कोरं राहिलं. कोरं पान सोडायचं जिवावर येतं.

उजवं ६०. डावं ४५.

माझ्या पोराचं, अंकुशचं आज वाशीला ऑपरेशन झालं. मला त्याने एवढंच सांगितलं होतं की छातीत गाठ आहे, काढायची आहे. गाठ म्हटल्यावर मी पुढचं विचारलंच नाही. आमच्या दिघ्यात आमच्याच गल्लीतली एक बाई गाठ म्हणून गेली ती परत आली नाही. तेव्हापासून मी रोज तुर्भ्याला जाऊन मिरचीचे देठ खुडत होते, घरी येऊन जेवत होते, झोपत होते. झोप लागत होती, हे पण खरं.

आज त्याला बाहेर आणला तर दोन्ही काखांखालून नळ्या. म्हटलं, "गाठ दोन्हीकडं होती काय?"

सिस्टर लहान पोरगी आहे, सोनम नाव. ती म्हणाली, "मावशी, मुलांना पण असं होतं. छाती वाढते, बायकांसारखी. ती काढून सपाट केली. जिवाला धोका काहीच नव्हता, दिसायला बरं म्हणून करतात."

मी अंकुशकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले. गुंगी उतरली होती त्याची, मला कळतं.

राग यायला पाहिजे होता. नाहीतर हायसं तरी वाटायला पाहिजे होतं. भूक लागली. खाली जाऊन इडली खाल्ली.

४ फेब्रुवारी, बुधवार

उजवं ५५. डावं ४५.

रिक्षाने घरी आणला. ह्या नळ्यांना ड्रेन म्हणतात. टोकाला पेरूएवढा मऊ प्लास्टिकचा गोळा असतो. बूच काढायचं, आतलं लाल पाणी मापात ओतायचं, मग गोळा मुठीत दाबून चपटा करायचा आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं. मग तो फुगायला बघतो आणि फुगता फुगता आतलं ओढून घेतो. बूच आधी लावलं तर नुसता गोळा लटकतो, काम करत नाही. निघायच्या आधी सोनमने एकदा दाखवलं, मला आलं. त्यात काय.

नळीत गुठळी अडकली तर एका हाताने नळी वर घट्ट धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी पिळत खाली आणायची. मी म्हटलं, "शेळीचं दूध काढतात तसं?"

"बरोब्बर मावशी! आम्ही मिल्किंगच म्हणतो."

माहेरी आमच्या शेळ्या होत्या, त्यामुळे मला सोपं गेलं. अंकुशने तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हटलं, दुखत असेल.

मग सोनमने माझे हात हुंगले. "मावशी, मिरचीत काम करता का? साबणाने जाणार नाही हे. हातमोजे घालूनच हात लावा त्याला." हातमोज्यांचा डबा दिला. माझ्या बोटांना मिरचीचं काही होत नाही आता. तव्यावरची भाकरी पण मी हातानेच उलटते. चटका बसतो तो इतरांना.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उजवं ५०. डावं ३५.

शेजारची सखू डब्यात पिठलं घेऊन आली. मी मोरीत माप धूत होते. लाल पाणी बघून म्हणते, "अगं जाईबाई, तुझी तर बंद झाली होती ना? परत चालू झाली का?"

"अंकुशचं हाय ते. अपेंडिसचं ऑपरेशन झालंय."

"अपेंडिसचं? मग छातीला का आवळलंय त्याला?"

"वरून काढलं."

"वरून! आता कायपण करतात मेले."

बसली मग चांगली ऐसपैस. अंकुश पडद्यामागे पडला होता. सखूला जुनं आठवलं. "आठवतं का गं, हा आठवीत होता. तू नळावर म्हणालेलीस, माझ्या अंक्याला आता दूध येतंय, कुणाला बाळ सांभाळायला पाहिजे असेल तर सांगा. केवढे हसलो होतो!"

मला पण हसू आलं. तेव्हा नळावर बायकांची गंमत असायची. अंकुश पण हसला होता, हंडा तिथेच टाकून पळाला होता. आज झोपला होता म्हणून, नाहीतर आमच्यात येऊन बसला असता.

सखू गेल्यावर गोळे रिकामे करायला गेले तर म्हणतो, "राहू दे, मी करतो."

हात खांद्याच्या वर जात नाही त्याचा. एक बूच लावताना घसरलं आणि सगळं चादरीवर. मी चादर धुतली. 

८ फेब्रुवारी, रविवार

उजवं ५०. डावं ३०.

अंकुशचे पप्पा उरणहून आले. तिकडे कंटेनरच्या यार्डात ट्रेलर चालवतात, सुट्टीला घरी येतात. फोनवर मी काही सांगितलं नव्हतं.

"काय झालं ह्याला?"

"छाती कापून घेतली."

"कशाला?"

"सपाट करायला."

"पुरुषाची सपाटच असते की."

"ह्याची नव्हती."

त्यांनी अंकुशकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मला वाटायचं अंगाने भरलाय." पंखा बंद करून परत चालू केला. "पोलीस व्हायचंय का हिरो व्हायचंय रे तुला?"

अंकुश म्हणाला, "पप्पा, चहा घ्या."

चहा न घेता बाहेर गेले. मी म्हटलं गेले आता पत्ते खेळायला. पण अर्ध्या तासाने अंड्यांचा ट्रे घेऊन आले. डॉक्टरने अंडी सांगितली आहेत हे मी त्यांना बोललेच नव्हते. चार उकडून दिली अंकुशला, सोलून. स्वतः एक पण खाल्लं नाही. जाताना मला विचारलं, "दुखतंय काय त्याला?" म्हटलं, त्यालाच विचारा. चप्पल घालून निघून गेले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उजवं ४५. डावं ३०.

वाशीला दाखवायला गेलो. डॉक्टर म्हणाले, तीसच्या खाली दोन दिवस आलं की नळ्या काढू, घाई करून आत पाणी साठलं तर सुईने काढत बसावं लागेल. आणि तोपर्यंत पळणं नाही, दंड नाही, काही नाही. अंकुशचं तोंड उतरलं.

येताना रिक्षात मी विचारलं, एवढी घाई कशाची. म्हणाला, पोलीस भरतीचं ग्राउंड मार्चच्या शेवटी आहे. वयाची अट आहे, परत किती वेळा मिळेल सांगता येत नाही.

"मागच्या भरतीला गेलाच होतास की. पळण्यात राहिलास म्हणालास."

"पळलोच नाही."

"म्हणजे?"

"पळायच्या आधी छाती मोजतात, आई. शर्ट-बनियन काढून रांगेत उभं करतात, टेप लावतात. माझ्यापुढं चार पोरं होती. मी निघून आलो."

"तेवढं उन्हात उभं राहून? चार पोरं राहिली असताना?"

"हो."

"एवढ्यासाठी? शर्ट तर काढायचा होता."

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं रिक्षात शेजारी दुसरीच कुणी बाई बसली आहे. मग म्हणाला, "हो. शर्ट तर काढायचा होता."

ऐरोलीच्या सिग्नलला रिक्षावाल्याने गाणी लावली, ती ऐकत आलो.

मला एक कळलं. हे पाणी लवकर सुकलं पाहिजे.

११ फेब्रुवारी, बुधवार

उजवं ४५. डावं ३०. तेवढंच.

डॉक्टर लोक शिकलेले असतात पण थांबा, थांबा ह्याशिवाय त्यांना काही येत नाही. पाणी सुकवायचं तर शेक पाहिजे. माझ्या बाळंतपणात आईने शेगडी लावली, ओव्याची धुरी दिली, सुती लुगड्याचा बोळा तव्यावर तापवून छाती-पोट शेकलं. अंकुशच्या वेळेला माझी छाती दगडासारखी झाली होती, ताप भरला होता. दोन दिवसांच्या शेकाने मोकळी झाली. डॉक्टरबिक्टर कुणी नव्हता.

अंकुशची छाती पण तशीच लागते, वर फुगलेली आणि घट्ट. म्हटलं, ये, शेकते. नको म्हणाला. म्हटलं, ग्राउंडला जायचंय ना? मग आला. सूज उतरायला दवाखान्यात घातलेली ती आवळपट्टीची बनियन काढली, भिंतीला टेकून बसला. नळ्यांना मी धक्का लावला नाही. टाक्यांपासून लांब राहिले. तेवढी अक्कल मला आहे.

बोळा तापवला, हाताने बघितला, कोमट लागला. ठेवला. "बरं वाटतंय का?"

"काही कळत नाही."

मग जास्त तापवला. "आता? गरम लागतंय?"

"नाही लागत."

मग अजून. दोन्हीकडे चांगला दाबून धरला. तो डोळे मिटून शांत बसला होता. लहानपणी न्हाऊ घातल्यावर असाच बसायचा. म्हटलं, लागतोय गुण.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आकडे घेतले नाहीत.

सकाळी बनियन काढली तर दोन्हीकडे फोड. उजवीकडचा हाताच्या पंज्याएवढा, पाण्याने भरलेला. एक फुटून कापडाला चिकटला होता. अंकुश वाकून बघत होता, दुसऱ्या कुणाचं अंग असल्यासारखं. "दुखत नाही," म्हणाला.

रिक्षा करून वाशीला नेला. सोनमने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "कुणी केलं हे?"

"मी. शेक दिला."

"मावशी, इथलं कातडं बधिर असतं ऑपरेशननंतर. महिने महिने असतं. चटका बसला तरी कळत नाही त्याला. सांगितलं होतं ना, काही लावायचं नाही?"

"लावलं नाही काही. शेकलं."

"तुम्ही हाताने तरी बघायचं ना किती गरम आहे!"

"बघितलं. मला नाही लागलं."

तिने माझा हात धरला, बोटं उलटी करून बघितली, आणि सोडून दिला. मग डॉक्टर बोलले. बरंच बोलले. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत होते. आता जखम भरेपर्यंत ती आवळपट्टीची बनियन घालता येणार नाही. ती नाही तर सूज उतरणार नाही. सूज नाही उतरली तर पळणं पुढे. एकातून एक. अंकुशने विचारलं, "मार्चच्या शेवटी पळता येईल?" डॉक्टर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते मला कळतं. व्यापारी पण असंच म्हणतो.

येताना अंकुश म्हणाला, "आई, आता तू काही करू नको."

"मग नळ्या कोण बघणार?"

"ते कर. दुसरं काही करू नको."

हो म्हटलं. घरी येऊन भात लावला. रडू आलं नाही. मिरचीत बसून बसून डोळ्यांतलं पाणी केव्हाच संपलंय बहुतेक.

१५ फेब्रुवारी, रविवार

उजवं २५. डावं १५.

पप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तू भाजलंस?" म्हटलं, हो. "बरं," म्हणाले. बरं काय त्यात? मागे क्रेनचा आवाज येत होता. फोन त्यांनी ठेवला नाही, मी पण ठेवला नाही. मग कुणीतरी त्यांना हाक मारली.

आज अंकुशने गोळे मला रिकामे करू दिले. मी हातमोजे घालून करते, तो छताकडे बघतो. आता पाणी लाल नाही, पिवळट झालंय, डाळीच्या वरच्या पाण्यासारखं. हे चांगलं असतं म्हणे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नळ्या काढल्या. सोनम म्हणाली, मोठा श्वास घे. आणि ओढली. मला वाटलं बोटभर असेल आत. हातभर निघाली. अंकुशच्या कपाळावर घाम आला पण आवाज नाही काढला. दुसरी काढताना त्याने माझी ओढणी धरली होती. नंतर सोडली.

लिहायला आता आकडे नाहीत. तरी डायरी घेऊन बसले. माप घासून फळीवर ठेवलं. संध्याकाळची वेळ झाली की मी उठते, मोरीपर्यंत जाते आणि परत येते.

उद्यापासून कामावर. मुकादमीण म्हणाली, अजून दोन दिवस राहिली असतीस तर दुसरी बाई बसवली असती.

६ मार्च, शुक्रवार

फोडांच्या जागी तपकिरी डाग आलेत. अंकुश आरशात बघतो आणि शर्ट घालतो. पळायला गेला आज पहिल्यांदा. डॉक्टरने हळू पळ म्हटलंय. आला तेव्हा छाती दोन्ही हातांनी धरून आला, धाप लागली होती. घड्याळ बघून शिवी दिली. माझ्यासमोर शिवी देत नाही तो कधी.

मी विचारलं, "किती कमी पडतंय?"

"तुला काय सांगू? बरंच."

मी गूळ-शेंगदाणे पुढे केले. खाल्ले त्याने. एवढं बोलून झालं आमचं.

२३ मार्च, सोमवार

उद्या ग्राउंड. कागदपत्रं तीनदा बघून पिशवीत ठेवली त्याने. पप्पा मुद्दाम आले आहेत. जेवताना म्हणाले, "कुणी विचारलं हे डाग कसले, तर सांग सायलेन्सर लागला."

"छातीला सायलेन्सर कसा लागेल, पप्पा?"

"मग सांग कायपण. वाफ लागली म्हण."

मी भाकरी वाढली. माझ्याकडे दोघांनी बघितलं नाही.

विहाराजवळच्या पोरांबरोबर पहाटेच निघणार आहे. मी म्हटलं, मी येऊ का? आई येते का कुणाची, म्हणाला. पण हसून म्हणाला.

२४ मार्च, मंगळवार

काम सोडून दुपारीच घरी आले. मुकादमीण बडबडली, बडबडू दे. चार वाजून गेले तरी हा नाही. मला वाटलं आला असेल परत रांगेतून आणि बसला असेल कुठेतरी पुलाखाली. फोन लावायला घेतला, ठेवून दिला.

आला तेव्हा तोंड उन्हाने काळं पडलेलं, पायाला माती. दारातच म्हणाला, "राहिलो, आई. सोळाशे मीटरला मार्क गेले. शेवटच्या फेरीत छाती भरून आली. गोळाफेकीत गोळा पण लांब गेला नाही."

म्हणजे नाही झालं. मी म्हटलं, "हात-पाय धू." दुसरं काय म्हणणार? महिनाभर बनियन घालता आली असती तर पळाला असता. ते त्याला पण माहीत आहे, मला पण माहीत आहे.

तो उंबऱ्यावर बसून बूट सोडत होता. म्हणाला, "छाती मोजली."

"हं."

"पूर्ण मोजली. फुगवून पण. पुढच्या पोराने विचारलं, भावा, हे काय झालं? मी म्हटलं, आईने शेकलं. तर म्हणतो, माझ्या आईने मला उलथण्याने डागलंय, हे बघ. आणि त्याने पाठ दाखवली. मागचे सगळे हसायला लागले. टेपवाला साहेब ओरडला, शांत राहा रे. आम्ही तसेच उभे, उघडे, हसत."

हे सांगताना पण हसत होता. नोकरी गेली हातची आणि हा हसतो. नापास होऊन हसणारं पोरगं मी पहिल्यांदा बघितलं. बापाला पण फोनवर हेच सांगितलं, आधी छाती मोजली, मग राहिलो. त्यांनी पलीकडून काय विचारलं माहीत नाही. हा म्हणाला, "नाही पप्पा, सगळ्यांसारखीच."

२९ मार्च, रविवार

जेवण करून अंकुश बाहेर पडला, बोलला नाही कुठे. सखूने सांगितलं, पोरं वर धरणावर गेली आहेत पोहायला, तुझा पण गेलाय.

आमच्या वस्तीच्या वर डोंगरात जुनं धरण आहे. पोहायला बंदी आहे, पाटी लावली आहे, दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं. आणि ह्याला पोहता येत नाही. वस्तीतली सगळी पोरं तिथेच शिकली, हा कधी गेलाच नाही. मी म्हणायचे, किती शहाणं आहे माझं पोरगं, पाण्याच्या वाटेला जात नाही.

चप्पल पायात अडकवली आणि चढले. दोनदा बसावं लागलं. वर पोहोचेपर्यंत तोंडात शिव्या तयार होत्या.

पाणी खाली गेलंय. पाच-सहा पोरं आत होती, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. अंकुश काठावर बसला होता, पाय पाण्यात सोडून. सगळे कपडे मागे दगडावर. अर्ध्या चड्डीवर होता फक्त. माझ्याकडे पाठ होती, मग कुणीतरी हाक मारली आणि तो वळला, तेव्हा पुढून दिसला. दोन डाग, काखेखाली दोन बारीक खुणा. एक पोरगं त्याला हात धरून आत ओढत होतं आणि हा नको, नको करत होता, पण जात होता. कमरेपर्यंत गेला. तिथे उभा राहिला, दोन्ही हात वर करून.

डॉक्टरने सांगितलंय डागांवर ऊन पडू द्यायचं नाही, कायमचे राहतील. कडक ऊन होतं. हाक मारायला मी तोंड उघडलं, शर्ट घाल म्हणायला.

मारली नाही. का नाही मारली ते मला सांगता येत नाही. करवंदीच्या जाळीमागे उभी राहिले. पायाला मुंगळा चावला, तो झटकला. पाणी कमरेच्या वर गेलं तर ओरडायचं, असं ठरवलं होतं. गेलं नाही.

मग खाली आले. पीठ भिजवायचं होतं.